गल्लीचा रस्ता, नालीचा खर्च : कोणी किती भरायचा? वर्गणीचा हिशोब न्यायाने कसा लावायचा, समजून घ्या

गोंदिया : पावसाळा लागला की जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत एकच तक्रार ऐकू येते. गावात येणारा मुख्य रस्ता झाला, शाळेपुढे गट्टू लागले, पण आमच्या गल्लीत अजून चिखलच आहे. नाली नसल्यामुळे सांडपाणी रस्त्यावर, मच्छर घरात. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर ठरलेलं, "निधी नाही". मग कोणीतरी म्हणतो, "चला बाप्पा, प्रत्येक घरामागे पाच-पाच हजार काढू आणि करून टाकू." इथूनच भांडणाला सुरुवात होते. दोन मजली घरवाला म्हणतो, सगळ्यांनी सारखे द्या. मातीच्या घरातली म्हातारी म्हणते, माझ्याजवळ कुठले? कोपऱ्यावरचा म्हणतो, माझं दार तर मोठ्या रस्त्यावर आहे, मी का देऊ? शेवटी पैसे जमत नाहीत, किंवा जमले तर हिशोब मिळत नाही.

आपल्याच घरासमोरच्या कामासाठी घरमालकाने पैसे देण्यात वावगं काही नाही. पण तो पैसा कोणत्या मापाने मोजायचा, सक्ती कुठवर चालते आणि सरकारी निधी आधी का तपासायचा, हे माहीत असलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आधी हे पाहा : तुम्ही अगोदरच पैसे भरता

घरटॅक्स म्हणजे गल्लीच्या सोयीसाठी घरमालकाने दिलेला पैसाच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ प्रमाणे ग्रामपंचायत इमारती आणि बिनशेतीच्या जागेवर कर लावते. त्यासोबत दिवाबत्ती, आरोग्य म्हणजे सफाई आणि पाणीपट्टी असते. गावातले रस्ते, नाल्या, दिवे ही ग्रामपंचायतीची कामं आहेत. ती मेहरबानी नाही.

तुमच्या घराची आकारणी नमुना ८ मध्ये असते. त्या वर्षी किती मागणी आहे आणि मागची थकबाकी किती, हे नमुना ९ मध्ये. पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना १० ची. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

पूर्वी घरटॅक्स चौरस फुटावर लागायचा. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली. म्हणजे जागेचा सरकारी दर, बांधकामाचा दर, घर किती जुनं, आणि वापर राहण्यासाठी की दुकानासाठी, हे सगळं धरून घराची किंमत काढायची आणि दर हजार रुपयांमागे ठरलेल्या दराने कर लावायचा. मातीच्या घराला दर कमी, स्लॅबच्या घराला जास्त. शासनाने कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर ठरवून दिले आहेत, त्यामधला दर ग्रामपंचायत ठरवते. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते.

यात एक न्याय आहे. मोठ्या घराला जास्त, लहान घराला कमी. पण हा न्याय कागदावर तेव्हाच उतरतो, जेव्हा नमुना ८ खरा असतो. अनेक गावांत दहा वर्षांपूर्वी मातीचं असलेलं घर आज स्लॅबचं झालं, खाली दुकान निघालं, पण नोंद जुनीच. त्यामुळे मोठा कमी भरतो आणि ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पैसा येत नाही. वर्गणीचा विषय काढण्याआधी ग्रामसभेत पहिला प्रश्न हा विचारा : आकारणी शेवटची कधी झाली, आणि थकबाकी किती आहे?

थकबाकीबाबत कायदा कडक आहे. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत सदस्याचं पदसुद्धा जाऊ शकतं. वसुलीसाठी जप्तीची तरतूदही कायद्यात आहे. थकबाकीची यादी वाचून दाखवा म्हणायला कोणाला भीती वाटायचं कारण नाही.

दुसरं : सरकारी निधी कुठे अडला आहे?

गल्लीच्या कामाला पैसा येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

वित्त आयोग : पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६ असा ठरला. यात महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटा ठेवला गेला. त्यातला ६० टक्के पैसा बंधित, म्हणजे निम्मा स्वच्छतेवर आणि निम्मा पाण्यावरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे. सांडपाण्याची व्यवस्था स्वच्छतेत येते. त्यामुळे नालीचं काम बंधित पैशात आणि रस्त्याचं अबंधित पैशात बसवता येतं का, हे विचारायला हवं. बऱ्याच वेळा "निधी नाही" याचा अर्थ "अबंधित निधी नाही" एवढाच असतो. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ लागतो, म्हणून त्या वर्षांच्या निधीतलं प्रमाण ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

वस्तीच्या योजना : अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठी समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना आहे. आदिवासी वस्तीसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे, तिचे प्रस्ताव आपल्या जिल्ह्यात देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे जातात. ज्या वस्तीसाठी असा हक्काचा निधी आहे, तिथल्या लोकांकडून आधी वर्गणी मागणं योग्य नाही.

ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा : करातून आलेल्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कामावर, १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. उरलेल्यातून गावची कामं.

याशिवाय आमदार निधी आणि ग्रामविकास विभागाचा "पंचवीस-पंधरा"चा निधी येतो. तो कोणत्या गल्लीत जातो, हे अनेकदा ओळखीवर ठरतं. म्हणून गल्लीचं नाव गाव विकास आराखड्यात असणं महत्त्वाचं. आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर मोबाईलवर पाहता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि वर्ष टाका. तुमच्या गल्लीचं काम तिथे "पूर्ण" दाखवलं असेल आणि दारात चिखल असेल, तर वर्गणीचा प्रश्न नंतरचा, तक्रार आधीची.

वर्गणी सक्तीची करता येते का?

भारताच्या राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. म्हणजे पाच लोकांनी पारावर बसून "घरामागे पाच हजार" ठरवलं, तर तो कर होत नाही. ती ऐच्छिक लोकवर्गणी आहे. जो देईल तो देईल. जो देणार नाही, त्याचं पाणी तोडू, त्याच्या दारासमोर रस्ता सोडून देऊ, ही भाषा चालत नाही.

कायद्यात मात्र एक वाट आहे. कलम १२४ मध्येच अशी तरतूद आहे की ग्रामपंचायतीने गावनिधीतून केलेल्या योजनेमुळे ज्या जमिनीला लाभ झाला, त्या जमिनीवर सुधारणा आकार लावता येतो, तोही शासनाने घातलेल्या मर्यादेत. हा आकार लावायचा तर नियमाप्रमाणे ठराव, जाहीर सूचना, हरकती ऐकणं हे सगळं आलं. कर किंवा फी चुकीची लागली असं ज्याला वाटतं, त्याला पंचायत समितीकडे अपील करता येतं.

लोकवर्गणीची सवय आपल्याला आहेच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या नळयोजनेच्या खर्चासाठी साधारण गावात १० टक्के आणि डोंगरी, जंगली किंवा अनुसूचित जाती-जमाती निम्म्यापेक्षा जास्त असलेल्या गावात ५ टक्के लोकवाटा ठेवला गेला. त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, लोकांचा वाटा लहान आणि सरकारचा मोठा. दुसरी, गरीब आणि अडचणीच्या भागाचा वाटा आणखी कमी. गल्लीच्या कामातही हेच सूत्र लावायला हवं.

हिशोबाचे तीन प्रकार, आणि तिन्हींची खोट

आता मुख्य मुद्दा. समजा, एका गल्लीत १० घरं आहेत. सिमेंट रस्ता आणि नालीचं अंदाजपत्रक ३ लाख रुपये. ग्रामपंचायतीकडून २ लाख ४० हजार मिळतात. ६० हजार कमी पडतात. हे ६० हजार कसे वाटायचे? (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.)

पहिला प्रकार, घरामागे सारखे : प्रत्येकी ६,००० रुपये. हिशोब सोपा. पण खाली दुकान आणि वर दोन खोल्या भाड्याने देणारा आणि मातीच्या एका खोलीत राहणारी विधवा, दोघं सारखेच भरतात. रस्ता झाल्यावर दुकानदाराच्या दारात गाडी लागेल, गिऱ्हाईक वाढेल. तिच्या घरी फक्त चिखल कमी होईल. लाभ सारखा नाही, मग वर्गणी सारखी का?

दुसरा प्रकार, दारासमोरच्या फुटांवर : दोन्ही बाजू मिळून ४०० फूट लांबी धरली तर फुटाला १५० रुपये पडतात. ज्याच्या घराची ६० फूट लांब भिंत गल्लीला लागते, त्याला ९,००० रुपये. पण त्याचं दार मोठ्या रस्त्यावर असेल तर? आणि गल्लीच्या टोकाला १५ फूट रुंदीचं घर आहे, त्याला फक्त २,२५० रुपये, जेव्हा की येणं-जाणं करायला पूर्ण गल्ली तोच वापरतो. फूट मोजणं सरळ दिसतं, पण भिंतीला लाभ होत नसतो, दाराला होतो.

तिसरा प्रकार, घरटॅक्सच्या प्रमाणात : दहाही घरांची वर्षाची मागणी मिळून १०,००० रुपये असेल, तर टॅक्सच्या एका रुपयामागे ६ रुपये वर्गणी. ३०० रुपये टॅक्सवालीला १,८०० आणि २,५०० टॅक्सवाल्या दुकानदाराला १५,००० रुपये. ऐपतीप्रमाणे झालं. पण नमुना ८ जुना असेल तर ज्याने घर वाढवून नोंद केली नाही, त्याचा फायदा होतो आणि प्रामाणिकपणे नोंद करणारा फसतो. शिवाय दुकानदार म्हणेल, रस्ता तर सगळेच वापरणार, एक चतुर्थांश मीच का भरू?

मधला मार्ग असा निघतो. ६० हजारांपैकी एक तृतीयांश, म्हणजे २० हजार, सगळ्यांवर सारखे. प्रत्येकी २,०००. उरलेले ४० हजार टॅक्सच्या प्रमाणात, रुपयामागे ४ रुपये. मग ३०० टॅक्सवालीला २,००० अधिक १,२००, असे ३,२०० रुपये. २,५०० टॅक्सवाल्याला २,००० अधिक १०,०००, असे १२,००० रुपये. दोघांनाही थोडं टोचतं, पण दोघांनाही कारण समजतं. सगळे रस्ता वापरतात म्हणून सगळ्यांचा थोडा वाटा, आणि ज्याची मालमत्ता मोठी त्याला लाभ मोठा म्हणून त्याचा जास्त वाटा.

यात चार गोष्टी आधीच लिहून ठेवाव्या लागतात :

१. रिकामा प्लॉट. मालक नागपूर किंवा रायपूरला असला तरी रस्ता झाला की प्लॉटची किंमत वाढते. त्याचा वाटा सुटू नये.

२. भाडेकरू. वर्गणी मालकाची, भाडेकरूची नाही. रस्त्याने घराची किंमत वाढते, ती मालकाच्या खिशात जाते.

३. कोपऱ्यावरचं घर. दार आणि नाली दोन्ही मोठ्या रस्त्याला असेल तर अर्धा वाटा. सांडपाणी गल्लीच्या नालीत सोडत असेल तर पूर्ण वाटा.

४. मंदिर, अंगणवाडी, समाजमंदिर. यांचा वाटा गल्लीवाल्यांवर टाकू नये, तो गावनिधीतून यावा. आणि गल्लीतून पुढच्या मोहल्ल्याची बंडी, ट्रॅक्टर जात असेल तर ती गल्ली फक्त दहा घरांची राहत नाही. तेवढा जास्त भार गावाने उचलावा.

लाभापेक्षा जास्त घेऊ नये : अमेरिकेतल्या एका गावाची केस

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात नॉरवुड नावाचं गाव. तिथे मिसेस बेकर या बाईंच्या जमिनीतून गावाने रस्ता काढला. जमिनीची भरपाई म्हणून २,००० डॉलर दिले. आणि नंतर तीच रक्कम, वर कोर्टकचेरीचा खर्च जोडून, रस्त्याला लागून असलेल्या तिच्याच उरलेल्या जमिनीवर फुटाच्या हिशोबाने आकारली. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८९८ मध्ये निकाल लागला की जमिनीला जेवढा खास लाभ झाला, त्यापेक्षा बराच जास्त आकार घेणं म्हणजे मोबदला न देता मालमत्ता काढून घेणं आहे.

आपल्या महाराष्ट्रातही शहरांच्या नगररचना योजनांसाठी १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात असंच सूत्र आहे. योजनेमुळे प्लॉटची किंमत जेवढी वाढेल, त्या वाढीच्या प्रमाणात मालकाने अंशदान द्यायचं. पण त्याला वरची मर्यादा वाढीच्या निम्म्याची. त्यावरचा खर्च प्राधिकरणाने सोसायचा. हा कायदा आपल्या गावच्या गल्लीला थेट लागत नाही, पण त्यातलं तत्त्व ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे? लाभाच्या आत घ्या, लाभावर जाऊ नका.

आणि लाभ उलटाही होऊ शकतो. जुन्या रस्त्यावरच मुरूम, त्यावर सिमेंट, असं करत रस्ता वर येतो आणि मातीच्या घरांची जोती खाली जातात. मग जून ते सप्टेंबर पाणी घरात शिरतं. ज्या घरात पाणी शिरणार, त्याच घराकडून रस्त्याची वर्गणी घेणं हा अन्यायच. म्हणून काम सुरू होण्याआधी लेव्हल पाहा. जुना थर खोदून रस्ता करा, उतार नालीकडे ठेवा, आणि नालीचं पाणी शेवटी कुठे जाणार, शोषखड्ड्यात की कोणाच्या बांधीत, हे आधी ठरवा. नळाची पाइपलाइन राहिली असेल तर ती आधी टाका. नाहीतर वर्गणी देऊन केलेला रस्ता सहा महिन्यांत पुन्हा फुटतो.

ज्याच्याजवळ नाहीच, त्याचं काय?

आपल्या भागात पैसा धानासोबत येतो. धान विकलं तरी चुकारे हाती पडायला वेळ लागतो. जुलैमध्ये पऱ्हे आणि रोवणीच्या खर्चात असलेल्या माणसाकडे वर्गणी मागणं म्हणजे त्याला सावकाराकडे पाठवणं. दोन हप्ते ठेवा, खरीप धानाच्या चुकाऱ्यानंतर एक आणि उन्हाळी धानानंतर दुसरा. ज्यांच्या घरी शेती नाही, मजुरीवर चालतं, त्यांना श्रमदानाचा पर्याय द्या आणि दिवसाची मजुरी धरून ती वर्गणीत मांडा. निराधार, एकट्या म्हाताऱ्या बाया, दिव्यांग यांची माफी ग्रामसभेत नावाने नव्हे, नियमाने ठरवा. नावाने ठरली की उपकार होतो, नियमाने ठरली की हक्क होतो.

एक खबरदारी. नमुना ८ मध्ये नाव असणं म्हणजे मालकीचा पक्का पुरावा नाही, ती कराची नोंद आहे. ज्या गावांत स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाल्या, तिथे जागेचं माप त्यावरून घ्या. वाद कमी होतील. वर्गणी दिली म्हणून कोणाचं अतिक्रमण कायम होत नाही, आणि नाही दिली म्हणून कोणाचा हक्क जात नाही.

ग्रामसभेत काय मागायचं?

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी कमी असतील तेवढे लोक हजर पाहिजेत. त्याआधी महिलांची सभा होते. नाली आणि चिखलाचा त्रास बायांनाच जास्त, म्हणून विषय तिथूनच येऊ द्या. मागण्या साध्या आहेत :

• कामाचं अंदाजपत्रक वाचून दाखवा, एक प्रत गल्लीत लावा.
• कोणत्या योजनेतून किती पैसा, आणि कमी किती पडतात, ते लेखी द्या.
• वर्गणीचं सूत्र, माफी आणि हप्ते ठरावात लिहा.
• पैसा कोणाच्या खिशात किंवा मोबाईलवर नको, ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा करा आणि प्रत्येकाला पावती द्या. पावती नाही तर पैसा नाही.
• काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेतली नोंद दाखवा. लांबी, रुंदी, जाडी गल्लीवाल्यांनी टेप लावून मोजा.
• पैसे उरले तर त्याच प्रमाणात परत करा, किंवा नालीच्या दुरुस्तीसाठी ठेवा.

ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

गल्ली दहा घरांची असो की पन्नास, पैसे द्यायला लोक नाही म्हणत नाहीत. शेजाऱ्याने किती दिले आणि माझे कुठे गेले, हे कळत नाही म्हणून ते मागे हटतात. पुढच्या ग्रामसभेला जाताना आपल्या घराचा नमुना ८ सोबत न्या. स्वतःची नोंद आधी खरी करा, मग दुसऱ्याची विचारा.